घामानंतरचा तास

पोलीस भरतीचं मैदान पन्नास गुणांचं, लेखी परीक्षा शंभर गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोचा गोळा फेकण्याचे १५ गुण. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि चार किलोचा गोळा. आधी मैदान, मग त्यातून निवडलेल्यांची लेखी. २०२४ साली राज्यभरात १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते. धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर, माकणी, लोहारा, उमरगा या पट्ट्यात सोयाबीन आणि तुरीच्या पलीकडे जाण्याचा जो एक रस्ता तरुणांना दिसतो, तो बहुतेकदा या मैदानावरून जातो. म्हणून पहाटे पाचला पोरंपोरी माळावर हजर असतात. धावणं झालं की गोळ्यासाठी ताकद हवी म्हणून जोर, बैठका, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन उठाबशा, टायर उलटणं. आणि आठ वाजता, अंगावरचा घाम पुरता वाळायच्या आत, सराव पेपर. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न : अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान.

मैदानात चमकणारी पोरं या पेपरात मागं पडली की गावात एकच शेरा ऐकू येतो : पहिलवानाची अक्कल गुडघ्यात. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. अक्कल जागेवरच असते. आपण ती चुकीच्या वेळी तपासायला काढतो.

पुढच्या संवादातले मामा आणि भाची मी रचलेले आहेत. मामा तालमीत वाढलेले, आता सास्तूरला भरतीच्या पोरापोरींचं मैदान घेणारे. भाची याच गावची, वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी. माणसं रचलेली असली तरी मतं रचावी लागली नाहीत. ती दोन्ही आपल्याकडे रोज कानावर येतात. भाचीच्या तोंडी येणारे प्रयोगही खरोखर झालेले आहेत.

मामा : त्या कॉर्टिसॉलचं नाव पोरांना कुणी सांगितलं गं? काल एक पठ्ठ्या म्हणतो, वस्ताद, जास्त बैठका मारल्या की कॉर्टिसॉल वाढतं, कमावलेलं अंग जळतं आणि डोकं बंद पडतं. मोबाइलवर बघितलं म्हणे. बैठका चुकवायला लेकरांना नवं निमित्त सापडलं.

भाची : त्याचं पहिलं वाक्य खरं आहे, मामा. बैठका मारल्या की कॉर्टिसॉल वाढतंच. पुढचं सगळं अर्धवट आहे.

मामा : मग पुरं सांग.

भाची : जोर लावायला सुरुवात केली की शरीर दोन निरोप धाडतं. एक लगेच, काही सेकंदांत. ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वाढतो, नजर तरतरीत होते. दुसरा निरोप सावकाश जातो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला सांगतो, पीयूषिका रक्तातून मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना सांगते, आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. हा फेरा पुरा व्हायला वेळ लागतो. त्यामुळे मेहनत थांबल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी कॉर्टिसॉल सगळ्यात वर असतं. पोरगं टॉवेलानं तोंड पुसत बसलेलं असतं, तेव्हा.

मामा : आणि ते करतं काय?

भाची : यकृतातून साखर मोकळी करून रक्तात आणतं. रक्तदाब सांभाळतं. सूज आवरतं. ज्यांच्या शरीरात ते पुरेसं तयारच होत नाही त्यांच्या आजाराला ॲडिसनचा आजार म्हणतात; अशा माणसाला उपचार मिळाले नाहीत तर तो दगावतो. रोज पहाटे जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तुमचं-माझं कॉर्टिसॉल आपोआप चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. ते चढतं म्हणून माणूस अंथरूण सोडून कामाला लागतो. तुमच्या पठ्ठ्याला सांगा, विष नाही ते.

मामा : हेच मी म्हणतोय. मग भांडण कशाचं?

भाची : भांडण मापाचं आणि वेळेचं. नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी २००८ साली एक साधा प्रयोग छापला. बारा पुरुषांना तीस-तीस मिनिटं व्यायाम करायला लावला, वेगवेगळ्या जोरानं. आपल्या कुवतीच्या चाळीस टक्के जोर लावला तेव्हा कॉर्टिसॉल वाढलं नाही, उलट किंचित उतरलं. साठ टक्क्यांना सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढलं. ऐंशी टक्क्यांना त्र्याऐंशी टक्क्यांनी. म्हणजे एका उंबरठ्याच्या आत शरीर व्यायामाला ताण समजतच नाही.

मामा : ते सायकलवाले असतील. सायकल वेगळी आणि बैठक वेगळी. जोर काढताना श्वास कोंडतो, रग लागते, मांड्या पेटतात. सायकलवर बसून ते कळत नाही.

मामांचा हा आक्षेप योग्य आहे. ताकदीच्या व्यायामाचं गणित वेगळं आहे, आणि सर्वसाधारण लेखांत सगळा व्यायाम एकाच पिशवीत भरला जातो तेव्हा नेमकं हेच हरवतं.

भाची : बरोबर धरलंत. सायकलच होती. ताकदीच्या व्यायामावर विल्यम क्रेमर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं पुष्कळ काम केलंय. त्यांनी दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या. एकीत जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन आणि दोन फेऱ्यांत एकच मिनिट विश्रांती. दुसरीत पाचच वेळा उचलता येईल असं जड वजन, पण मध्ये तीन मिनिटं विश्रांती. कॉर्टिसॉल कुठं जास्त चढलं असेल?

मामा : जड वजनाला. उघड आहे.

भाची : नाही. हलक्या वजनाला, कमी विश्रांतीला. मोठे स्नायू, भरपूर आवर्तनं आणि दम खायला वेळ नाही, हे तिन्ही एकत्र आलं की कॉर्टिसॉल सगळ्यात वर जातं. आता तुमच्या पाचशे बैठका आठवा. न थांबता.

मामा : (थोडं थांबून) म्हणजे आमची तालीम म्हणजे कॉर्टिसॉलचा कारखाना, असं तुला म्हणायचंय? अगं, याच मेहनतीवर लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हरिश्चंद्र बिराजदार १९७० साली एडिंबरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोन्याचं पदक घेऊन आला. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, तेही बैठका मारूनच. तेव्हा कुणी कॉर्टिसॉल मोजायला थुंकी तपासून बघत नव्हतं.

भाची : त्यांच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात शंका नाही. तुम्ही मला तालमीतला दिवस सांगा. पहाटे मेहनत झाल्यावर पुढं काय व्हायचं?

मामा : पुढं काय? मातीत लढती व्हायच्या. हौद्यातली माती म्हणजे नुसती माती नसायची, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली. मग एकमेकांची मालिश. मग खुराक. दूध, तूप, बदाम वाटून केलेली थंडाई. जेवण झालं की वस्ताद झोपवायचे. दुपारी तालमीत कुणी मोठ्यानं बोललं तरी शिवी बसायची. ऊन उतरलं की परत मेहनत. रात्री नवाला दिवा बंद.

भाची : आणि अभ्यास?

मामा : तालमीत कसला अभ्यास?

भाची : मामा, झालं. तुम्हीच सांगितलंत.

इथं मी संवाद जरा थांबवतो, कारण मला जे सांगायचंय ते याच ठिकाणी आहे. तालमीच्या परंपरेत मेहनतीइतकीच विश्रांती बांधलेली होती. मालिश, खुराक, दुपारची झोप, रात्रीचा बंद दिवा हे लाड नव्हते. ज्या मेहनतीनं शरीर ताणाच्या टोकाला जायचं, ती पचवण्याची ती व्यवस्था होती. वस्तादांना कॉर्टिसॉल ठाऊक नव्हतं, पण मेहनतीनंतर पोरगं किती वेळ रिकामं सोडायचं हे ठाऊक होतं. भरतीच्या तयारीत आपण त्या परंपरेतली फक्त बैठक उचलली आणि बाकीचं मागं ठेवलं. त्या जागी शिकवणी आली, अभ्यासिका आली, शेतातलं काम आलं, रात्री बारापर्यंत मोबाइल आला. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीत राहणाऱ्या पोराचा अख्खा दिवस कुस्तीचा असतो. सास्तूरच्या पोराला त्याच मेहनतीवर पेपरही सोडवायचा असतो आणि फवारणीलाही जायचं असतं. हे मेहनतीचं अपयश नव्हे. मेहनत अर्धी कापून आणल्याचं फळ आहे.

मामा : बरं, मान्य. तालमीत पेपर नव्हता. पण मेहनतीनं डोकं मंद होतं हे मी मानणार नाही. मैदान करून आलं की मला स्वतःला लख्ख वाटतं. पेपर तेव्हाच द्यावा असं वाटतं.

भाची : मैदान हलकं असेल तर तुमचं खरंच आहे. बेताचा व्यायाम झाल्यावर लक्ष लागणं, पटकन उत्तर देणं थोडं सुधारतं. फरक मोठा नाही, पण वेगवेगळ्या प्रयोगांत तो दिसलाय. मात्र माणूस पार थकेपर्यंत ताणला की चित्र बदलतं. पाठ केलेलं आठवणं ही वेगळी गोष्ट आहे. झ्युरिकमध्ये २००० साली एक प्रयोग झाला. लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी आठवायला सांगितली. काहींना आठवायच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली, जी शरीरात कॉर्टिसॉल बनते. त्यांना कमी शब्द आठवले. पण तीच गोळी पाठांतराच्या वेळी दिली तर काही बिघडलं नाही.

मामा : म्हणजे शब्द डोक्यात होते, पण हाताला लागले नाहीत.

भाची : अगदी तसं. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणी जमवतो आणि काढून देतो, आणि कॉर्टिसॉलला धरून ठेवणारे रेणू तिथं भरपूर आहेत. आता गोळी म्हणजे बैठका नव्हेत. बैठकांबरोबर इतरही दहा गोष्टी शरीरात घडतात. पण तुमच्या मैदानाची वेळ बघा. साडेसातला शेवटची बैठक. पावणेआठ-आठला कॉर्टिसॉल शिखरावर. आठला पेपर. सामान्य ज्ञान म्हणजे सगळं आठवण्याचंच काम.

मामा : मग सकाळची मेहनतच बंद करू म्हणतेस?

भाची : अजिबात नाही. दुसरा प्रयोग ऐका, हा तर थेट पायांच्या ताकदीचा आहे. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये २०१४ ला झाला. लोकांना एकेक करून नव्वद चित्रं दाखवली. लक्षात ठेवा असं सांगितलंही नाही. मग त्यातल्या अर्ध्यांना पाय ताणायच्या यंत्रावर बसवून पन्नास वेळा पूर्ण जोरानं पाय सरळ करायला लावले. बाकीच्यांचे पाय यंत्रानंच हलवले, त्यांनी जोर लावायचा नाही. दोन दिवसांनी चित्रं ओळखायला लावली. जोर लावलेल्यांनी साठेक टक्के ओळखली, नुसते बसलेल्यांनी पन्नासेक.

मामा : (हसून) बघ! बैठका मारणाऱ्याला जास्त आठवलं.

भाची : आठवलंच. पण क्रम बघा, मामा. आधी चित्रं, मग पाय, आणि परीक्षा दोन दिवसांनी. आधी अभ्यास, मग मेहनत, मग विश्रांती, मग पेपर. आपल्याकडे आधी मेहनत, लगेच पेपर आणि अभ्यास रात्री अकराला, डोळे मिटत असताना. ताणात सुटणारी रसायनं शिकलेलं पक्कं करायला मदत करतात आणि आठवायच्या वेळी आडवी येतात. रसायन तेच. काम कधी पडतं यावर सगळं.

मामा : हे कुणी आधी सांगितलं असतं तर...

भाची : तर काय?

मामा : तर चार वाजता उठवून आधी पुस्तक हातात दिलं असतं.

भाची : चारला उठवायचं नाही, मामा. तिथंच तर गोम आहे. आपली पोरं झोपतात कधी? एका प्रयोगात निरोगी तरुणांना एका रात्री फक्त चार तास झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेव्हा कॉर्टिसॉल उतरलेलं असायला हवं, तेव्हा ते नेहमीपेक्षा सदतीस टक्क्यांनी जास्त होतं. एका रात्रीत. संध्याकाळी ते उतरलं नाही की झोप उथळ लागते, पहाटे पुन्हा मैदान, पुन्हा तेच चक्र. सकाळी तासाभरासाठी चढलेलं कॉर्टिसॉल, तेव्हा पेपर नसेल तर, कुणाचं काही वाकडं करत नाही. संध्याकाळी न उतरलेलं करतं.

मामा : तू सगळं रक्तामांसावर आणून ठेवतेस. मन म्हणून काही आहे की नाही? मी पोराला दोनशे बैठकांनंतर अजून पन्नास मारायला लावतो, ते अंगासाठी नव्हे. नको वाटत असताना करायची सवय लागावी म्हणून. मैदानावर हजार पोरांच्या गर्दीत, शिट्टी वाजायच्या आधी, ज्यानं स्वतःला कधी तोडलंच नाही तो थरथरतो. माझा पोरगा थरथरत नाही.

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही, उलट पुरावा आहे. १९९३ साली, म्हणजे आपल्या भूकंपाच्याच वर्षी, जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात ताण मोजायची एक परीक्षा तयार झाली. माणसाला अनोळखी परीक्षकांसमोर उभं करायचं, भाषण द्यायला लावायचं, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायला लावायचं. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बहुतेकांचं कॉर्टिसॉल भराभर चढतं. २००७ मध्ये बावीस कसलेले खेळाडू आणि बावीस व्यायाम न करणारे, अशांना या परीक्षेला बसवलं. खेळाडूंचं कॉर्टिसॉल कमी चढलं, मन जास्त शांत राहिलं.

मामा : मग?

भाची : मग एवढंच की ते दमसासाचे खेळाडू होते, आणि ती माणसं मुळातच शांत होती म्हणून खेळात टिकली की खेळानं शांत झाली, हे त्या प्रयोगातून सुटत नाही. पण तुमच्या बाजूचा पुरावा आहे. मी तो लपवणार नाही.

मामा : भूकंपाचं नाव काढलंस म्हणून सांगतो. त्या पहाटे इथं यंत्र नव्हतं, उजेड नव्हता. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची हातभर माती. माणसांनी ते हातानं उपसलं. ज्यांच्या अंगात कस होता त्यांनी माणसं बाहेर काढली. मेहनतीची किंमत मला त्या दिवशी कळली. ती पेपरात मोजता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली बावन्न गावं जमीनदोस्त झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. सास्तूर त्या गावांतलं एक. आज मैदानावर उतरणारी पोरं त्यानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मली आहेत, पण त्यांची घरं त्याच पहाटेनं घडवलेली आहेत. मामांचं बोलणं अडाणी हट्टाचं नाही. या मातीत ताकदीला जीव वाचवण्याचा अर्थ आहे, आणि शास्त्र सांगणाऱ्यानं तो अर्थ बाजूला सारून बोलू नये.

भाची : ते मी कधीच नाकारणार नाही. माझ्या आजीला तसंच बाहेर काढलं होतं. आणि याच ठिकाणी कॉर्टिसॉलची दुसरी बाजू दिसते. मोठ्या आघातातून वाचलेल्या, वर्षानुवर्षं दचकून उठणाऱ्या माणसांचं कॉर्टिसॉल खूप चढलेलं असेल असं सगळ्यांना वाटायचं. रेचल येहुदा या शास्त्रज्ञांनी व्हिएतनाम युद्धातले सैनिक तपासले, नाझी छळछावण्यांतून वाचलेले तपासले. त्यातल्या बऱ्याच जणांचं कॉर्टिसॉल कमी निघालं. सगळ्या अभ्यासांत तसंच दिसतं असं नाही, पण एवढं कळलं की निरोगीपण म्हणजे कॉर्टिसॉल कमी असणं नव्हे. गरज पडली की चढणं आणि काम झालं की उतरणं, हे दोन्ही शाबूत असणं.

मामा : चढणं आणि उतरणं. बैठकीसारखं.

भाची : हो. आणि बैठक चांगली मारायची तर खाली जाणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वर येणंही.

मामा : तुझ्या आजीवरून आठवलं. आमच्या म्हाताऱ्या बायांनी जन्मभर ओझी उचलली. पाणी, सरपण, कडब्याच्या पेंढ्या. त्यांची डोकी तर तल्लख असायला हवी होती.

भाची : व्हँकूवरमध्ये पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या १५५ बायकांवर वर्षभर प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच वजनाचा व्यायाम. नुसता तोल सांभाळायचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा वजन उचलणाऱ्यांचं लक्ष एकाग्र करण्याचं काम चांगलं झालं. एकदा किंवा दोनदा, मामा. आठवड्यातले पाच-सहा दिवस मोकळे. ओझं हळूहळू वाढवलेलं, शिकवायला माणूस हजर. आजीच्या घागरीला सुट्टी नव्हती, वाढीचं माप नव्हतं, पोटात पुरेसं अन्न नव्हतं. कष्ट आणि व्यायाम यांत शरीराला हाच फरक कळतो.

मामा बराच वेळ बोलले नाहीत, असं मी इथं लिहू शकलो असतो. पण मामांसारखी माणसं गप्प बसत नाहीत. ती लगेच हिशेबाला लागतात, आणि ते मला अधिक मोलाचं वाटतं.

मामा : बरं, कामाचं बोल. उद्यापासून काय करू?

भाची : पेपर संध्याकाळी चारला घ्या. तोवर जेवण झालेलं असेल, सकाळचं कॉर्टिसॉल उतरलेलं असेल.

मामा : खरी परीक्षा सकाळी असली तर?

भाची : खरी परीक्षा सकाळी असली तरी त्या दिवशी आधी मैदान नसतं. लेखी वेगळ्या दिवशी असते. लेखीच्या दिवशी तुम्ही पोरांना पहाटे धावायला लावू नका म्हणजे झालं.

मामा : मान्य. पुढं?

भाची : शेवटच्या बैठकीनंतर अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी. पावडरचे डबे नकोत. शेंगदाणे-गूळ, केळं, दूध, भिजवलेले हरभरे, भाकरी, जे घरात असेल ते. रिकाम्या पोटी मोठी मेहनत केली की साखर कुठून आणायची या विवंचनेत शरीर कॉर्टिसॉल आणखी चढवतं. आणि आठवड्यातून दोन दिवस जड मेहनत बंद. त्या दिवशी चालणं, अंग मोकळं करणं.

मामा : एक दिवस.

भाची : दोन.

मामा : एक दिवस पूर्ण बंद आणि एक दिवस अर्धी. यापेक्षा खाली मी येत नाही. आणि गोळ्यासाठी तू म्हणतेस तसं करून बघतो, जड पोतं, थोड्या उठाबशा, मध्ये तीन मिनिटं दम. पण पाचशे बैठकांचा एक दिवस ठेवणार. मनासाठी.

भाची : ठेवा. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर ठेवू नका.

मामा : आणि पोरींचं?

भाची : पोरींच्या बाबतीत कॉर्टिसॉलच्या आधी रक्त बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायका-मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. निम्म्याहून जास्त. पोरगी ८०० मीटरला मागं पडते, पेपरात पेंगते, आणि आपण म्हणतो दम नाही, मन नाही. रक्तच नसेल तर दम आणायचा कुठून? गावात ग्रामीण रुग्णालय आहे, हिमोग्लोबिन तपासायला वेळ लागत नाही. हे आधी झालं पाहिजे. माझे सगळे प्रयोग त्याच्या नंतर.

भाचीच्या या मुद्द्याला मी माझ्याकडून दुजोरा देतो आणि तो पहिल्या क्रमांकाचा मानतो. धाराशिव जिल्ह्यानं खो-खोमध्ये देशानं नाव घ्यावं अशा मुली दिल्या. त्यांतल्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. या मातीतल्या मुलींच्या पायात काय आहे ते सगळ्यांनी पाहिलंय. मैदानात येणाऱ्या प्रत्येक मुलीचं रक्त तपासलं जात नाही तोवर तिच्या जिद्दीबद्दल बोलण्याचा हक्क कुणालाच नाही.

मामा : मी एक वही घालतो. प्रत्येकाचं नाव, रात्री किती वाजता झोपला, मैदानानंतर काय खाल्लं, किती बैठका, पेपरला किती गुण. महिन्यानं तू ये आणि बघ. तुझं खरं की माझं.

भाची : वहीत मुलींसाठी दोन रकाने जास्त घाला. हिमोग्लोबिन आणि पाळीची तारीख.

मामा : पहिला घालतो. दुसरा मी विचारू शकत नाही, पोरी मला सांगणार नाहीत.

भाची : मग तो रकाना एखाद्या मोठ्या मुलीकडे द्या. तिला काय विचारायचं, कसं विचारायचं ते मी रविवारी येऊन समजावते. आणि मुलांनाही एकदा समोर बसवून ऐकवते. अंगदुखी, झोप, पाळी यांतलं काही वस्तादाला सांगितलं तर नाव कापलं जाणार नाही, हे तुमच्या तोंडून त्यांनी ऐकायला हवं.

मामा : सांगतो. मैदानावरच सांगतो, सगळ्यांच्या देखत.